मायनस बावीसचा सराव

मस्कतमध्ये थंडी पडते, असं आम्ही मस्कतकर दर जानेवारीत एकमेकांना सांगतो. पारा एकोणीसवर आला की अल अमेरातच्या आमच्या बिल्डिंगमध्ये स्वेटर बाहेर निघतात, पोरांच्या डोक्यावर कानटोप्या चढतात आणि पार्किंगमध्ये भेटेल ती बाई हात चोळत म्हणते, "काय गारठा पडलाय ना!" घरातला एसी मात्र चालूच असतो. तो बंद केला तर कुणाला झोप येत नाही.

अशा थंडीबहाद्दर गावात माझ्या नवऱ्याला फार मान आहे. भानुदास रेफ्रिजरेशन इंजिनियर आहेत. माबेल्याच्या पुढे एक कोल्ड स्टोअरेज आहे, तिथली सगळी यंत्रं यांच्या ताब्यात. बाहेर डांबर वितळत असलं तरी आत कोंबड्या मायनस बावीसवर दगड होऊन पडल्या पाहिजेत, हे यांचं काम. वीस वर्षं तेच करून यांचा असा समज झालाय की जगातली सगळी थंडी माबेल्यात तयार होते आणि पुढे उत्तर ध्रुवाला सप्लाय होते.

म्हणून मैत्रीने जेवताना बातमी सांगितली तेव्हा मला वाटलं, चला, यांच्या आवडीचा विषय आहे. मैत्री आमची एकुलती एक, इथल्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. कॉलेजतर्फे एका सेमिस्टरसाठी उत्तर फिनलंडमधल्या युनिव्हर्सिटीत तिची निवड झाली होती. जानेवारीत जायचं, मेमध्ये परत.

"तापमान?" भानुदासांनी विचारलं. अभिनंदन नाही, शाबास नाही.

"मायनस ट्वेन्टी असतं पप्पा. कधीकधी ट्वेन्टी-फाइव्ह."

यांनी वरणाची वाटी खाली ठेवली. "बघू," म्हणाले.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. मैत्रीला ते माहीत आहे. सहावीतल्या स्केट्सपासून ती हा शब्द ऐकत आलीय. फी कॉलेज भरणार होतं, पण तिकीट आणि राहण्याचा खर्च आमचा, आणि ऑक्टोबर संपायच्या आत होकार कळवायचा होता. तिने ताट उचललं आणि खोलीत गेली. मला तिचा चेहरा बघून इतका राग आला की रात्रभर मी यांच्याकडे पाठ करून झोपले.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, आमच्याकडे बुद्धवंदना होती. वंदना झाली, पोहे झाले, चहाच्या वेळी विषय निघाला, आणि खोलीतल्या प्रत्येकाला आपण थंडीतले जाणकार असल्याचा साक्षात्कार झाला. आमच्या मंडळातला गुरुदत्त आयुष्यात एकदाच मनालीला गेलेला, तोही मे महिन्यात. तो म्हणाला की मायनस वीसला शिंकायचं नसतं, नाकाला धोका असतो. एकीने राईचं तेल सुचवलं. दुसरीचा चुलतभाऊ टोरंटोत असतो, म्हणून तिने चुलतभावाच्या वतीने मान हलवली. कुणीतरी औषध म्हणून ब्रँडी म्हणालं आणि बायकोने बघितल्यावर औषध म्हणून मध असं केलं. तळमजल्यावरचे मुस्तफाभाई तेवढे गप्प होते. ते रत्नागिरीचे, मासळीचे व्यापारी. त्यांची सुरमई यांच्याच कोल्ड स्टोअरमध्ये असते.

इतकी अक्कल एका खोलीत जमलेली बघून भानुदास उभे राहिले.

"मैत्री जाईल," ते म्हणाले. मैत्रीने कपातून वर बघितलं. "पण सराव करून. माझ्याकडे मायनस बावीसची खोली आहे. तिथे टिकली तर तिकीट. नाही टिकली तर विषय खलास."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मुस्तफाभाईंनी बशी खाली ठेवली. "अवो इंजिनेरसाब, पोरीला काय सुरमय समजलात? माझी सुरमय तरी मेल्यावर आत जाते!"

पण यांच्या डोक्यात एकदा प्रोसिजर शिरली की शिरली. सोमवारी यांनी मालकाची परवानगी मागितली. म्हातारा अर्बाब यांना मुहंदिस म्हणतो, म्हणजे इंजिनियर. त्याने विचारलं, मुहंदिस, मुलगी चांगली शिकते ना, मग तिला कोंबड्यांत कशाला ठेवतोस? हे म्हणाले, ट्रेनिंग. अर्बाबने दाढी कुरवाळली आणि इन्शाल्ला म्हटलं. इन्शाल्लाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने घ्यायचा असतो. यांनी होकार घेतला.

तर सप्टेंबरच्या भर उन्हात, बाहेर बेचाळीस डिग्री असताना, आमचं कुटुंब गाडीच्या डिकीत लोकरी मोजे, दोन मफलर आणि थर्मासभर चहा टाकून माबेल्याला निघालं. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने माझ्या मांडीवरची कानटोपी बघितली आणि काच वर केली.

पहिल्या शुक्रवारी नुसता चिलर, चार डिग्री, टोमॅटो आणि खजुरांच्या सोबत. मैत्रीने तिथे मोबाइलवर एक अख्खा एपिसोड बघितला. पुढच्या शुक्रवारी फ्रीझर. दार सरकलं तसा धुक्याचा लोट अंगावर आला आणि माझ्या तोंडून सगळ्या बुद्धांची नावं निघाली. आत छतापर्यंत खोके. नाकातला श्वास नाकातच टोचायला लागला. भानुदास निळं जाड जॅकेट घालून घड्याळ हातात धरून उभे. वीस मिनिटांच्या वर कुणी सलग आत थांबायचं नाही आणि एकट्याने कधीच जायचं नाही, हा नियम यांनीच दारावर चिकटवलेला आहे.

"बोटं हलतात?"

"हलतात पप्पा."

"नाक जाणवतंय?"

"पप्पा, तुम्ही दर मिनिटाला विचारलं तर मला फक्त नाकच जाणवणार ना!"

मी आठ मिनिटांत बाहेर. पोरगी वीस मिनिटं चिकनच्या खोक्यावर बसून पाय हलवत होती. बाहेर आली तेव्हा गाल लाल, डोळे चमकत होते. "मम्मी, इट वॉज फाइन!"

मला वाटलं होतं, हे खूश होतील. यांचा चेहरा मात्र कंप्रेसर बंद पडल्यासारखा झाला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तिथे वारा असतो. वारा मी धरलाच नव्हता."

पुढच्या शुक्रवारी तिला थेट ब्लोअरखाली उभं केलं. छताजवळच्या त्या पंख्याचा झोत असा की माझा मफलर उडून पॅलेटच्या मागे गेला. आजतागायत मिळाला नाही, कुठल्यातरी हॉटेलात कोंबडीबरोबर गेला असणार. मैत्री डोळे मिटून, खांदे आवळून उभी राहिली. ओठ निळे पडले तरी हलली नाही. शेवटी हेच ओरडले, "बस कर, बाहेर ये!" बाहेर आल्यावर दात वाजत असताना तिने यांच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "आता तिकीट."

तेव्हा मला कळलं. हा माणूस पोरीला पास करायला तिथे नेतच नव्हता. नापास करायला नेत होता. वीस वर्षांत पहिल्यांदा याला आपल्या फ्रीझरने दगा दिला होता. राग यायला हवा होता, पण मला हसू आलं आणि हसता हसता लक्षात आलं की आता ती खरंच जाणार.

तिकीट निघालं. मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भानुदासांनी जाहीर केलं की मैत्री सरावात उत्तीर्ण. लगेच दोन आयांनी विचारलं की कॅनडाला जाणाऱ्या मुलांसाठी हाच कोर्स किती आठवड्यांचा असतो.

जानेवारीत मैत्री गेली. विमानतळावर तिच्या अंगावर इतके कपडे होते की मिठी मारताना मला ती सापडेना. दुसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला आणि आम्ही दोघं पुढे सरसावलो. पडद्यावर मैत्री. अंगात हाफ टी-शर्ट, पायात काही नाही, हातात आइस्क्रीमचा कप.

"हे काय?" भानुदास.

"पप्पा, रूममध्ये ट्वेन्टी-टू आहे. सगळीकडे हीटिंग. बाहेर फक्त बसपर्यंत जायचं. खरं सांगू? अगदी आपल्या जुलैसारखं आहे. घर, बस, क्लास, सुपरमार्केट. बाहेर कुणी थांबतच नाही."

आमच्या घरात तेव्हा एसी अठरावर होता आणि मी शाल पांघरून बसले होते. हे फारच दुखावले. "बाहेर किती आहे?" म्हणून विचारलं, मायनस चोवीस म्हटल्यावर जरा बरं वाटलं. तेवढाच आकडा ग्रुपवर टाकला. टी-शर्टचं कुणाला सांगितलं नाही. मग रोजच आकडा टाकायला लागले, आणि लोक खाली नमस्काराचे हात जोडायचे, जणू पोरगी सीमेवर गेलीय. गुरुदत्तने मागणी केली की बर्फ दाखवा. मैत्री खिडकीतून बर्फ दाखवायची. सगळे वा वा करायचे. पांढऱ्याशिवाय त्यात बघण्यासारखं काय होतं, मला कधी कळलं नाही.

मी तिचा चेहरा बघत होते. दुसऱ्या आठवड्यात ती कमी बोलायला लागली. तिसऱ्या आठवड्यात आकडा सांगून फोन ठेवायला लागली. आणि एका गुरुवारी मी कुरुमच्या ऑफिसात असताना तिचा कॉल आला. कॅमेरा बंद होता.

"मम्मी, मला परत यायचंय."

"थंडी सोसत नाहीये का गं?"

"थंडी नाहीये मम्मी. थंडीचं काहीच नाहीये. इथे सूर्य दहाला येतो आणि अडीचला जातो. आणि कुणी बोलत नाही. वाईट नाहीत गं, पोलाइट आहेत. किचनमध्ये येतात, पास्ता उकळतात, रूममध्ये जातात, दार लावतात. लास्ट संडेला मी दिवसभर एक वर्ड पण बोलले नाही. रात्री माझा आवाज आहे का बघायला मी मोठ्याने जय भीम म्हटलं." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "पण आता आले तर सेमिस्टर जाणार. आणि सगळे म्हणतील, थंडी नाही झेपली. पप्पांचं नाव जाईल."

मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. खरंच सांगते, जुलैत आमचं तरी काय असतं? बाहेर कुणी थांबत नाहीच. पण संध्याकाळी मुस्तफाभाईंच्या घरून तळलेले बोंबील वर येतात, आमच्याकडून ती ताटली भरून खाली जाते, आणि कुणीतरी कुणाचं तरी दार वाजवत असतंच. हे सगळं आम्ही तिच्या बॅगेत भरायचं विसरलो होतो. आम्ही लोकरी मोजे भरले होते.

घरी येऊन यांना सांगितलं. वाटलं, हे लगेच तिकीट बघतील. यांच्या मनासारखंच तर झालं होतं. पोरगी परत यायला तयार होती. पण हे सोफ्यावर बसून राहिले. म्हणाले, "अंधाराचा आणि गप्प बसण्याचा सराव कसा घेतात, मला माहीत नाही."

"सराव गेला खड्ड्यात," मी म्हटलं. "तिला आणायचं की नाही ते सांगा."

"ती ब्लोअरखाली उभी राहिली होती, अनु. तिला यायचं नाहीये. तिला एकटं राहायचं नाहीये." ते खरं होतं. पण त्यावर इलाज कुणापाशीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळी अंधार पडल्यावर हे उठले, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल." कुठे ते सांगितलं नाही. खाली मुस्तफाभाई लुंगीवर जॅकेट चढवून उभे होते, तेही गाडीत बसले. कोल्ड स्टोअरमध्ये मला यांनी फ्रीझरबाहेरच्या खोलीत खुर्ची दिली, हातात माझा मोबाइल दिला आणि म्हणाले, "कॉल येईल तो उचल."

आणि दोघं आत गेले.

मोबाइल वाजला. पडद्यावर एका चौकोनात मैत्री, टी-शर्टमध्ये, विस्कटलेले केस, सुजलेले डोळे, मागे काळी खिडकी. दुसऱ्या चौकोनात नुसता अंधार. मग टॉर्च लागला आणि अंधारातून भानुदास उगवले. टोपी भुवयांपर्यंत, मिशीवर पांढरं. मागे खोके, आणि खोक्यांच्या मागे दारापाशी लुंगीतले मुस्तफाभाई, हातात घड्याळ.

"पप्पा?" मैत्री पुढे वाकली. "पप्पा, तुम्ही कोंबड्यांमध्ये काय करताय?"

"लाइट बंद केलेत," हे म्हणाले. ओठ नीट हलत नव्हते. "तुझ्याकडे अंधार, माझ्याकडे अंधार. मायनस बावीस आहे. कुणी बोलत नाहीये. आता तू बोल. मी आहे."

"पप्पा, माझ्या रूममध्ये ट्वेन्टी-टू आहे!"

"माहीत आहे."

"मग तुम्ही का बसलाय?"

यांनी मिशीवरचं पांढरं पुसलं. "मला दुसरं काही येत नाही."

मागून मुस्तफाभाई ओरडले, "मैत्री, लवकर बोल गो, तुझा बाप सुरमय व्हायला लागलाय! अन मी पन!"

मैत्रीने आधी तोंडावर हात धरला. मग हसली. तीन आठवड्यांत न हसलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती खुर्चीवरून घसरली, टेबलावर डोकं ठेवून हसली, हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता परत हसायला लागली. इकडे खुर्चीत माझंही तेच चाललं होतं.

तिकडे कुणीतरी तिचं दार वाजवलं.

आम्ही तिघांनीही ऐकलं. मैत्रीने डोळे पुसले, दार उघडलं. एक उंच, पिवळ्या केसांची मुलगी हातात पास्त्याची वाटी घेऊन उभी होती. तिने इंग्रजीत विचारलं, सगळं ठीक आहे ना, मी आयनो, भिंतीपलीकडेच राहते. मैत्रीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, आणि फोन तिच्यासमोर धरला.

"हे माझे वडील. ओमानमध्ये आहेत. फ्रीझरमध्ये बसलेत."

आयनोने बराच वेळ बघितलं. "का?" तिने विचारलं.

त्या एका 'का'ला उत्तर द्यायला मैत्रीला अर्धा तास लागला. कोंबड्या, ब्लोअर, गुरुदत्त, नाक, राईचं तेल. मध्येच आणखी दोघं दारात येऊन उभी राहिली, मग खाली बसली. इकडे वीस मिनिटं झाली तसं मुस्तफाभाईंनी यांना ओढून बाहेर काढलं, मी चहा पाजला, आणि हे माझा हात झटकून परत आत गेले, कारण तिकडे गोष्ट अजून संपली नव्हती. शेवटी आयनो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली आणि गंभीरपणे म्हणाली, सर, तुमची टोपी चुकीची आहे, कान उघडे आहेत. वीस वर्षांत यांना थंडीतलं कुणी काही शिकवलं नव्हतं. यांनी मुकाट्याने टोपी खाली ओढली. तिकडच्या खोलीत टाळ्या पडल्या.

फोन ठेवताना मैत्रीने तिकिटाचा विषय काढला नाही. "नेक्स्ट फ्रायडे हे लोक पण येणार म्हणतायत, पप्पा. तुम्ही असाल ना?" एवढंच विचारलं. हे होकारार्थी थरथरले.

परतताना गाडी मी चालवली. बाहेर चोवीस डिग्री होतं, लोक खिडक्या उघड्या टाकून चालले होते. यांचे दात थांबेनात, म्हणून मी सगळी बटणं दाबून बघितली आणि बारा वर्षांत पहिल्यांदा आम्हाला कळलं की आमच्या गाडीत हीटर आहे. आधी जळकट वास आला, मग गरम हवा. मुस्तफाभाई मागे घोरत होते.

"मेपर्यंत दर शुक्रवारी जाणार का आता?" मी विचारलं. "न्यूमोनिया होईल. ती बोलायला लागलीय, आता घरून बोला की."

हे काचेतून बाहेर बघत होते. "अनु, आपलं प्लॅनिंग चुकलं."

"कळलं का एकदाचं? थंडीचा सराव घेऊन उपयोग नव्हता."

"तिचा घ्यायलाच नको होता," हे म्हणाले. "ती करते निभावून. आपला घ्यायला हवा होता."

मी हीटर अजून एक घर वाढवला.